बिनमाणसाची सावली

१

शहराचा नवा नकाशा सभागृहाच्या भिंतीवर चढला, त्या दिवशी मोठे साहेब इतके खुश होते की त्यांनी सगळ्यांना सरबत पाजलं. नकाशा म्हणजे खरं तर फोटोच होता. ड्रोनने वरून टिपलेलं अख्खं शहर, भिंतभर. गच्च्या, टाक्या, वाळत घातलेल्या चादरी आणि परवानगीशिवाय वाढवलेल्या खोल्या. नगरसेवक एकेक करून पुढे येत, कौतुकाने आपलं घर शोधत, आणि सापडलं की घाईघाईने दुसरीकडे बघत.

या विद्येला ड्रोनच्या ठेकेदाराशी झालेल्या कराराच्या भाषेत ‘सुदूर संवेदन’ म्हणतात, म्हणजे लांबून जाणवणं. आमच्या नगरपालिकेत हे तंत्र नवीन नाही. आमच्याकडे सगळ्यांना सगळं लांबूनच जाणवतं. जाणवलेलं बाहेर जाऊ नये एवढं बघायला एक जनसंपर्क अधिकारी नेमलेला आहे, तो मी.

“हे काय आहे?” मोठ्या साहेबांचं बोट नकाशाच्या कोपऱ्यात थांबलं होतं.

तिथे शहराबाहेरचं पंपघर होतं आणि त्याच्या मागे जुन्या खाणीचं तळं. तळ्याच्या बांधावर माणसाची सावली पडली होती. डोकं, खांदे, किंचित फाकलेले पाय, सगळं जागच्या जागी. त्या पायांपाशी माणूस असायला हवा होता. तिथे वाळलेलं गवत होतं.

“सावली दिसतेय,” मी म्हणालो. जनसंपर्काचा नियम असा की जे सर्वांना दिसतंय तेवढंच बोलावं.

“ते मलाही दिसतंय. माणूस कुठाय?”

ड्रोन उडालं त्याच दिवशी पंपघरावरचे अण्णा त्या तळ्यात बुडून गेले होते, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

२

दुपारपर्यंत कार्यालयात दोन पक्ष पडले. एकाचं म्हणणं, सावली अण्णांची आहे. दुसऱ्याचं म्हणणं, सावली अण्णांचीच आहे पण हे बोलू नये. मधल्या काळात सभागृहात एकट्याने जायला कुणी तयार होईना. सरबताचे ग्लास तसेच भिंतीसमोर राहिले.

मोठ्या साहेबांनी मला आत बोलावलं. “आठ दिवसांत नकाशा लोकांसाठी खुला करायचाय. ती सावली पुसून घ्या.”

“पुसता येते का?”

“रस्त्यावरचे खड्डे पुसलेत ना ठेकेदाराने? मग सावलीचं काय घेऊन बसलात.”

मी नकाशा कक्षात गेलो. कक्षप्रमुख बाईंना सगळे पाठीमागे ‘उपग्रह’ म्हणतात. त्या कुणाच्या अध्यातमध्यात नसतात, गोल फिरत राहतात, आणि वरून सगळं बघतात. निवृत्तीला आल्या आहेत, पण पडद्यासमोर बसल्या की पापणी लवत नाही.

बाईंसमोरच्या खुर्चीत एक तरुणी बसली होती. अण्णांची मुलगी. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. पोलिसांनी तिच्या वडिलांच्या मृत्यूवर ‘घरगुती कलहातून आत्महत्या’ असा शेरा मारून विषय संपवला होता.

“मोठे साहेब म्हणतात, सावली पुसा,” मी म्हणालो.

“साहेबांना सांगा, पडलेली सावली पुसता येत नाही. उचलायला माणूस लागतो.” बाईंनी मान वर केली नाही. “बसा. ही काय सांगतेय ते ऐका.”

मुलगी माझ्याकडे न बघता बोलली. “त्या सकाळी भांडण झालं आमचं. अण्णा दोन-तीन महिने घरात बोलतच नव्हते. जेवायचे, भिंतीकडे बघायचे, झोपायचे. मी चिडून म्हटलं, तुम्ही घरात असलात काय नि नसलात काय, सारखंच. ते चप्पल घालून निघून गेले. शेजाऱ्यांनी ऐकलं, पोलिसांना सांगितलं. त्यांचं काम झालं.” ती बाईंकडे वळली. “ते उत्तम पोहायचे, बाई. पोहणारा माणूस तळ्यात बुडतो तो ठरवूनच, असं सगळे म्हणतात. मला एवढंच कळायला हवंय. ते माझ्या बोलण्यामुळे गेले का?”

“अजून काही?”

“घोट्याला वळ होता. पाणवेलीचा असेल म्हणाले. वेलीचा वळ एवढा सरळ नसतो. प्रयोगशाळेत रोज हाताला पट्टे बांधते मी, मला कळतं.”

बाईंनी पडद्यावर सावली मोठी केली. ती काळी, शांत, दोन हात लांब झाली आणि खोलीत कुणीतरी चौथं येऊन उभं राहिल्यासारखं मला वाटलं.

“हिच्या वडिलांची वाटत नाही ही,” बाई म्हणाल्या. “आणि त्या सकाळचीही नाही.”

३

“शहरातल्या सावल्या बघा,” बाईंनी मला खुर्ची ओढायला लावली. “विजेचे खांब, झाडं, टाक्या. कुणीकडे पडल्यात?”

“पश्चिमेकडे.”

“म्हणजे ऊन पूर्वेचं. ड्रोन सकाळी उडालं. आता हिच्याकडे बघा.”

सावली पूर्वेला पडली होती, पाण्याच्या दिशेने. लाखभर सावल्यांच्या शहरात ही पाठ फिरवून झोपली होती. मी खुर्ची थोडी मागे घेतली.

“घाबरू नका. भुतं असती तर मालमत्ता करात सापडली असती.” बाईंनी काडी तळ्याभोवती फिरवून दाखवली. “हा एक फोटो नाही. हजारो लहान फोटो जोडून केलेली गोधडी आहे. तळ्याच्या इथे ठिगळ लावलंय. तळं, त्याचा बांध आणि पलीकडचा काठ, एवढाच तुकडा संध्याकाळचा आहे. बाकी सगळं शहर सकाळचं.”

“मग माणूस?”

“ठिगळाची पश्चिमेची कड बांधावरच्या पायवाटेने जाते. माणूस संध्याकाळी त्या कडेच्या बाहेर उभा होता. सूर्य त्याच्या पाठीमागे. सावली लांब पडली, ती ठिगळात आली. तो स्वतः जिथे उभा होता तिथला फोटो सकाळचा आहे, आणि सकाळी तिथे कुणी नव्हतं.”

मला हायसं वाटलं. भूत नव्हतं, नुसता जोड होता. मी उठलो.

“बसा,” बाई म्हणाल्या. “कुणीतरी त्या संध्याकाळी, हिचे वडील ज्या तळ्यात गेले त्या तळ्याच्या काठावर उभं होतं. पोलिसांना कुणी सांगितलंय का, मी तिथे होतो म्हणून?”

कुणीच सांगितलं नव्हतं.

४

ठेकेदाराचं ऑफिस एका बेकरीच्या वर होतं. पायलट म्हणजे ड्रोन उडवणारा तरुण. तो आम्हाला बघून उभाच राहिला आणि शेवटपर्यंत बसला नाही.

“मूळ फोटो?” ठेकेदार हसला. “पुसले. करारात नकाशा द्यायचाय, फोटो नाही. एवढं सांभाळायला जागा कोण देणार, बाई? तुम्ही?”

“तळं परत का टिपलंत?”

“पालिकेतून फोन आला. सकाळच्या फोटोत पाणी चकाकतंय, तळं संध्याकाळी परत घ्या. पायवाटेच्या पलीकडचं तेवढंच कापून लावा.”

“कुणाचा फोन?”

“साहेब बोलतोय म्हणाले.”

“कुठले साहेब?”

“बाई, तुमच्याकडे मी सगळ्यांनाच साहेब म्हणतो. वेगळे ओळखायला गेलो तर बिलं निघणार नाहीत.”

“कोवळ्या उन्हात, सरळ खाली बघणाऱ्या कॅमेऱ्याला पाणी चकाकत नाही,” बाई थंडपणे म्हणाल्या. “त्याला ऊन डोक्यावर लागतं. हे तुम्हाला माहीत असायला हवं.”

“माहीत आहे की. पण साहेब म्हणाले चकाकतंय, म्हणजे चकाकतंय.”

आमचं अख्खं कार्यालय या तत्त्वावर चालतं.

बाई पायलटकडे वळल्या. “सकाळच्या फोटोत तळ्यात काय होतं रे?”

“काही नाही, मॅडम.”

“उभा का आहेस मग?”

त्याने ठेकेदाराकडे पाहिलं, मग जमिनीकडे. “चार निळे ठिपके होते. पाण्यावर, चौकोनात. त्यातून एक काळी रेघ काठापर्यंत. मला वाटलं पालिकेने बोटिंग सुरू केलंय.”

“आणि संध्याकाळी?”

“संध्याकाळी नव्हते.” तो खिडकीकडे सरकला. “आम्ही दोघं पलीकडच्या काठावर व्हॅनपाशी होतो. मधे पाणी. समोर बांधावर कुणी उभं आहे असं वाटलं मला. मी हात केला. त्याने हात केला नाही. हललाच नाही तो.”

सकाळचे फोटो त्या दिवशी दुपारी ठेकेदाराने पालिकेत आणून पडद्यावर दाखवले होते. बघायला कोण कोण होतं? मोठे साहेब, पाणीखात्याचे अभियंते म्हणजे आमचे पाणीसाहेब, मी आणि आणखी अर्धं कार्यालय. माझं लक्ष माझ्या गच्चीवर होतं.

५

पाणीसाहेब फारच सौजन्याने वागले. बाईंसाठी खुर्ची स्वतः सरकवली. माणूस गोड, बोलणं हळू, बुटांना पॉलिश.

“अण्णा माझ्या हाताखालचा चांगला माणूस. वाईट झालं. घरात कटकटी होत्या, बिचारा गप्पगप्प असायचा. पोलिसांना मीच सांगितलं हे. लपवून काय उपयोग?”

“त्या संध्याकाळी तुम्ही कुठे होतात?”

“शहराच्या दुसऱ्या टोकाला. गळती होती. का हो बाई, सावली माझी वाटते का?” ते हसले. “माझं पोट सावलीतसुद्धा लपायचं नाही.”

मीही हसलो. बाहेर पडल्यावर बाईंना म्हणालो, “हे नसावेत. पायलट बघा, शेवटपर्यंत बसला नाही.”

“पायलट आणि ठेकेदार ठिगळात आहेत. पलीकडच्या काठावर व्हॅन, शेजारी दोघं, आणि दोघांच्या सावल्या त्यांच्या त्यांच्या पायाला. सुटले ते.” बाई चालत राहिल्या. “उद्यापर्यंत थांबा. मला पाणी बघायचंय.”

दुसऱ्या दिवशी मुलीलाही बोलावलं होतं. पडद्यावर नुसतं तळं होतं, हिरवट, जवळून पाहिलेल्या डोळ्यासारखं.

“ड्रोन नांगरासारखं फिरतं,” बाई म्हणाल्या. “एक पट्टा घेत जातं, वळतं, शेजारचा पट्टा घेऊन परत येतं. दोन पट्ट्यांमध्ये मिनिटं जातात. त्यांचा जोड ही रेघ. दिसतेय? बांधावरून निघते, सरळ पाण्यात जाते.”

रेघ बारीक होती, रंगातला किंचित फरक. ती सावलीच्या मधोमध, भांग पाडल्यासारखी पायापासून डोक्यापर्यंत गेली होती आणि पुढे पाण्यात उतरली होती.

“रेघेच्या उजवीकडचं पाणी बघा.”

पाण्यावर वर्तुळं उठली होती. एकात एक, दाट, वेडीवाकडी. कुणीतरी हातपाय मारत असल्यावर उठतात तशी. ती रेघेपर्यंत येऊन मोडलेल्या बांगडीसारखी थांबली होती. रेघेच्या डावीकडे पाणी काचेसारखं सपाट होतं.

मुलीने खुर्चीचा हात धरला. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. “पुढचं सांगू का? नको असेल तर नको.”

“सांगा.”

“उजवा पट्टा आधीचा. त्यात तुझे वडील पाण्याखाली धडपडतायत. डावा पट्टा काही मिनिटांनंतरचा. त्यात पाणी शांत झालंय.” बाईंचा आवाज बदलला नाही. “आता सावली. उजवा खांदा आधीच्या फोटोतला, डावा नंतरच्या. दोन्ही खांदे एका रेषेत जुळतात. पाय जुळतात. तेवढ्या वेळात तो माणूस पाऊलभरही हलला नाही.”

पंख्याचा आवाज येत होता. मला खिडकी उघडावीशी वाटली, पण त्यासाठी पडद्यासमोरून जावं लागलं असतं.

“का नाही हलला?” मुलीने विचारलं.

“ते मी त्यालाच विचारणार आहे.”

६

नकाशा खुला करायच्या आधी जागेवर जाऊन पडताळणी करायची असते. कागदावर विहीर असेल तर तिथे विहीरच आहे ना, हे डोळ्यांनी बघायचं. आमच्याकडे ही पडताळणी खुर्चीवरूनच होते, म्हणून बाईंनी मोठ्या साहेबांना तळ्यावर बोलावलं तेव्हा त्यांना तो अपमान वाटला. पण वर्तमानपत्रात फोटो येईल असं मी सांगितल्यावर ते आले.

संध्याकाळ होती, कार्यालय सुटायची वेळ, आकाश स्वच्छ. मोठे साहेब, पाणीसाहेब, ठेकेदार, पायलट, मी आणि मुलगी. तळ्यात अग्निशमन दलाची एक बोट आधीच उतरली होती.

“ही कशाला?” मोठ्या साहेबांनी विचारलं.

“खोली मोजायला,” बाई म्हणाल्या. “या सगळे, पाण्यापाशी या.”

आम्ही बांधावर चढलो, पायवाट ओलांडली आणि उतारावरून पाण्याच्या कडेला गेलो. बाईंनी नकाशाचा छापील तुकडा उघडला, पण त्यात पाहिलं नाही. त्या मागे बघत होत्या.

पाणीसाहेब आले नव्हते. ते पायवाटेच्या पलीकडे उभे होते, हात मागे बांधून.

“साहेब, या ना.”

“इथून दिसतंय मला. बूट खराब होतील.”

“कोरडं आहे सगळं.”

“इथे बरंय.”

सूर्य त्यांच्या पाठीमागे होता. त्यांची सावली पायवाट ओलांडून उतारावर आली होती, आमच्यामधून गेली होती, आणि तिचं डोकं माझ्या बुटाजवळ होतं. डोकं, खांदे, किंचित फाकलेले पाय. मी नकळत बाजूला सरकलो. बाईंनी छापील तुकडा त्या सावलीशेजारी जमिनीवर धरला. सगळे बघत होते. पायलटच्या तोंडून आपोआप निघालं, “मॅडम, ठिगळाची कड तिथूनच जाते. साहेबांच्या बुटांपुढून.”

“जमिनीवर रेघ नाही,” बाई म्हणाल्या. “दोरी नाही, खूण नाही. ती कड कुठे आहे हे ठेकेदाराला माहीत, पायलटला माहीत, मला माहीत, आणि फोनवरून जो ठरवून देतो त्याला माहीत. साहेब, तुम्ही कशाच्या बाहेर उभे आहात?”

पाणीसाहेबांनी खाली पाहिलं. त्यांचं पाऊल पुढे आलं आणि परत मागे गेलं. माणूस ज्या जागी एकदा भ्याला असेल, तिथे पायच त्याचं ऐकत नसावेत.

बाईंनी बोटीला हात केला. वर्तुळांच्या मध्याची जागा त्यांनी आधीच नकाशावरून काढून दिली होती. गळ पाण्यात गेला, ओढला गेला, ताणला गेला. दोघा जवानांनी जोर लावला. पाण्यातून प्रथम एक काळी केबल आली, मग केबलला अडकलेलं एक निळं पिंप, मग दुसरं. पिंपांना दगडांनी भरलेली पोती बांधलेली होती आणि मधे एक पंप.

“पाणीसाहेबांच्या मेव्हण्याचे टँकर,” ठेकेदार पुटपुटला. “तरीच उन्हाळ्यात एवढे फिरत होते. शहराला पाणी एक दिवसाआड, आणि यांचे टँकर रोज.”

“तुम्ही गप्प बसा,” मोठे साहेब म्हणाले.

७

पाणीसाहेब पायवाटेच्या पलीकडे तसेच उभे राहून बोलले. तो गोड आवाज तसाच होता, फक्त त्याच्या खालून काहीतरी काढून घेतल्यासारखा.

दुपारी पडद्यावर त्यांना चोरून पाणी उपसणारा, पिंपांवर तरंगणारा पंपाचा तराफा दिसला. दुसरं कुणी ओळखण्याआधी तो फोटो जायला हवा होता आणि तराफा तळाशी. अण्णांना तीन महिन्यांपूर्वी त्यांनीच दम देऊन गप्प केलं होतं. संध्याकाळी त्यांनाच पाण्यात उतरवलं. पोती बांधली, पिंपात पाणी शिरलं, तराफा गेला. केबलचा फास घोट्याला बसला आणि अण्णाही गेले; फास ढिला पडून ते वर आले ते नंतर.

“ड्रोन डोक्यावर आलं होतं,” पाणीसाहेब म्हणाले. “मी कडेच्या आत पाऊल टाकलं असतं तर फोटोत आलो असतो. मला वाटलं, येतील वर. पोहणारा माणूस. एवढा पट्टा जाऊ दे, मग उतरतो. मग ते वळून परत आलं.”

माणूस मरत होता आणि हे चौकट सांभाळत होते. आपल्या शरीराची त्यांनी बरोबर काळजी घेतली. सावली मोजायची असते हे पाणीखात्यात कुणी शिकवत नाही.

मुलगी त्यांच्याकडे चालत गेली. अगदी पायवाटेपर्यंत. मोठे साहेब मला खुणावत होते, थांबवा तिला. मी थांबवलं नाही.

“अण्णा पाण्यात उतरताना काय म्हणाले?”

पाणीसाहेब तिच्याकडे बघत नव्हते. “मी म्हटलं, आत्ता ड्रोन येईल, अंधार पडला की करा. मी ठेकेदाराला परत फोन करून उद्या बोलावतो. तर नाही म्हणाले. आत्ताच उरकतो, म्हणाले. मला आज वेळेवर घरी जायचंय.”

“का?”

“ते नाही सांगितलं.”

ती उभीच राहिली. वारा नव्हता. मग ती बाईंकडे वळली. “घरी म्हणाले ना?”

बाई कुठल्याही प्रश्नाला मोजल्याशिवाय उत्तर देत नाहीत. त्यांच्या कक्षात ‘बाहेर पाऊस आहे का’ विचारलं तरी त्या खिडकीपर्यंत जाऊन येतात.

“हो,” त्या म्हणाल्या. “घरी.”

मुलीने मान हलवली. “मी थांबते जरा. तुम्ही व्हा पुढे.”

मोठ्या साहेबांनी पोलिसांना फोन लावला, ठेकेदार पायलटला घेऊन व्हॅनकडे निघाला, जवानांनी पिंपं काठावर ओढली. आम्ही परत बांध चढलो. परतीची सोपी वाट उतारावर जिथे सावली पडली होती, त्या जागेवरूनच जात होती. कुणी कुणाला काही सांगितलं नाही, पण आम्ही सगळेच, मोठे साहेबसुद्धा, तेवढी जागा सोडून गवतातून वळसा घालून गेलो.